सुट्टीचं वेळापत्रक

कोल्हापुरात दोन-तीन दिवसांच्या सुट्टीचा बेत ठरायला लागला की पहिला प्रश्न येतो, "गाडीत किती जण बसणार?" माणसं आणि पिशव्या बसल्या की मग ठिकाणं ठरतात, आणि गाडी दारात आहे म्हटल्यावर एका ठिकाणावर कुणाचंच भागत नाही. पन्हाळ्याला निघालेला माणूस जोतिबा करतो, मसाई पठार करतो, ऊन उतरायच्या आत विशाळगडाच्या वाटेलाही लागतो. मालवणला निघालेला कुणकेश्वर आणि तारकर्ली पदरात पाडून रविवारी रात्री फोंडा घाट चढून घरी येतो. सोमवारी कामावर भेटणारेही तेच विचारतात, "किती ठिकाणं झाली?"

माझं म्हणणं असं की ही छोटी सुट्टी एसटीने आणि रेल्वेने आखावी. हौस म्हणून एखाद्या वेळी नव्हे, नेहमीची रीत म्हणून. त्याची कारणं बहुधा पेट्रोल आणि प्रदूषण अशी दिली जातात. ती खरीच आहेत, पण मला त्याहून जवळची दोन कारणं सांगायची आहेत. एक, अशी आखलेली सुट्टी सुट्टी म्हणूनच अधिक चांगली होते. दोन, आपल्या भागातल्या एसटीला आज सुट्टीच्या प्रवाशाची गरज आहे, आणि तो प्रवासी एसटीतून उतरला की नुकसान होतं ते ज्यांच्याकडे दुसरा इलाज नाही त्यांचं.

कोल्हापूरकराने हे म्हणावं याला भूगोलाचाही आधार आहे. पश्चिमेकडे आंबा, अणुस्कुरा, भुईबावडा, करूळ, फोंडा आणि थोडं दक्षिणेला आंबोली, इतके घाट या एका शहराच्या हाताशी आहेत आणि त्यांतल्या बहुतेकांतून एसटी कोकणात उतरते. पूर्वेला कृष्णा-पंचगंगेचा सपाट मुलूख आहे आणि तिकडे १८९१ सालापासून रेल्वे आहे. शहरात मध्यवर्ती बसस्थानक, रंकाळा आणि संभाजीनगर अशी तीन स्टँड आहेत. दोन रात्रींच्या सहलीला इतक्या दिशा मोकळ्या असलेली शहरं महाराष्ट्रात फार नाहीत.

पण एसटीने सुट्टी आखायची तर आधी एसटीचं वेळापत्रक कुणासाठी बनलं आहे हे समजून घ्यावं लागतं. ते पर्यटकासाठी बनलेलं नाही. ते शाळा-कॉलेजची मुलं, बाजाराला येणारी माणसं, कचेरीत कामं असलेले शेतकरी आणि दवाखान्यात निघालेल्या बायका यांच्यासाठी बनलं आहे. सकाळी गाड्या गावाकडून तालुक्याला आणि तालुक्याहून शहराला भरून येतात, संध्याकाळी तशाच भरून परत जातात. खेड्यात रात्री थांबणाऱ्या गाडीला मुक्कामी गाडी म्हणतात. ती तिन्हीसांजेला किंवा त्यानंतर गावात पोहोचते, देवळापुढे नाहीतर चावडीजवळ उभी राहते. ड्रायव्हर-कंडक्टर तिथेच झोपतात, बऱ्याचदा गाडीतच, सीटवर वळकटी टाकून. पहाटे इंजिन सुरू झालं की अर्ध्या गावाला किती वाजले ते कळतं, आणि पहिल्या फेरीला दुधाच्या किटल्या, कॉलेजची पोरं आणि कुणाचा तरी दवाखान्याचा कागद असं सगळं शहराकडे निघतं.

आता या वेळापत्रकाशी भांडत बसलं तर एसटीची सहल म्हणजे शिक्षाच होईल. सकाळी नऊला निघून चार ठिकाणं पाहून रात्री परत, हे एसटीला जमत नाही आणि जमावं अशी अपेक्षाही करू नये. तेच वेळापत्रक आहे तसं मान्य केलं की ते आपल्या हातात एक वेगळीच सुट्टी ठेवतं: एका जागी जायचं, तिथे राहायचं, आणि गाव ज्या वेळी हलतं त्या वेळी आपणही हलायचं. सहलीत पाहिलेल्या ठिकाणांची संख्या कमी होते. राहिलेल्या वेळात मात्र ते एक ठिकाण सकाळी, दुपारी आणि रात्री कसं असतं हे कळतं, आणि मला तरी सुट्टीकडून हेच हवं असतं.

गगनबावड्याचंच उदाहरण घेतो. अंतर साधारण ५५ किलोमीटर. मोटारीने जाणारा बहुधा तिथे थांबतच नाही. घाटाच्या तोंडाशी फोटो काढतो, भजी खातो, वैभववाडीला उतरतो. शनिवारी दुपारी रंकाळा स्टँडवरून गाडी धरली की गोष्ट बदलते. बालिंग्याला भोगावतीवरचा पूल ओलांडेपर्यंत गाडीत शहराची माणसं असतात. कळ्याला ती बरीचशी उतरतात आणि वह्या छातीशी धरलेल्या मुली चढतात. साळवणच्या पुढे डोंगर दोन्हीकडून जवळ येतात, उसाचे फड विरळ होत जाऊन भाताची खाचरं लागतात. कंडक्टर प्रत्येकाला ओळखतो. कुणाला कुठे उतरायचंय हे न विचारता घंटीची दोरी ओढतो आणि अनोळखी माणसाला मात्र "तुम्ही कुठं?" असं विचारतो. असळजच्या आसपास गाडी निम्मी रिकामी होते आणि खिडकीजवळची जागा मिळते. संध्याकाळी गगनबावड्याला उतरल्यावर थंडी असते, घाटातून वर येणारं धुकं असतं, आणि रात्र तिथेच काढायची असल्यामुळे कसलीच घाई नसते. दुसऱ्या दिवशी सकाळी गगनगडावर चालत जायचं, गगनगिरी महाराजांच्या मठात टेकायचं, दुपारी घाटमाथ्यावर करूळ आणि भुईबावड्याचे रस्ते जिथे वेगळे होतात तिथून कोकण बघत बसायचं. परतीच्या वाटेवर पळसंब्याच्या रामलिंगाला उतरलं, तर दाट झाडीत, ओढ्यालगत दगडात कोरलेली देवळं आहेत. ती पाहून हमरस्त्यावर चालत यायचं आणि पुढच्या गाडीला हात करायचा.

इथे एक गोष्ट आवर्जून सांगायची आहे. घाटात मोटार चालवणारा माणूस सहलीला गेलेलाच नसतो. त्याचे डोळे वळणावर, समोरून येणाऱ्या ट्रकवर आणि आरशावर असतात. आपल्या घरांत हे काम बहुधा एकाच माणसाच्या वाट्याला येतं, वर्षानुवर्षं. करूळ घाट पावसाळ्यात कसा दिसतो हे बायकोमुलांना ठाऊक असतं, ज्याने त्यांना तिथे नेलं त्याला नसतं. आठवडाभर कामावर राबलेल्या माणसाने सुट्टीत पुन्हा दोन दिवस स्टिअरिंग धरून बसायचं, आणि घरच्यांनी त्याला विश्रांती म्हणायचं, यात त्याच्यावर अन्याय आहे असं मला वाटतं. एसटीत तोही खिडकीत बसतो.

दुसरा मुद्दा वाटांचा. मोटारीने गेलेल्या माणसाला मोटार लावली तिथेच परत यावं लागतं, म्हणून त्याचं चालणं नेहमी खुंट्याला बांधलेलं असतं. एसटीने गेलेला एका बाजूने चढून दुसऱ्या बाजूने उतरू शकतो. पन्हाळ्याला सकाळच्या गाडीने जावं, तीन दरवाजा, अंधारबाव, अंबरखाना निवांत पाहावं, रात्री तिथेच राहावं आणि दुसऱ्या दिवशी डोंगरवाटेने चालत जोतिबाला जाऊन तिथून गाडीने खाली यावं. ही सहल मोटारीने होतच नाही, कारण जोतिबाला पोहोचल्यावर मोटार पन्हाळ्यावर असते. १६६० साली सिद्दी जौहरचा वेढा फोडून शिवाजी महाराज ज्या वाटेने विशाळगडाकडे गेले, ती पन्हाळा ते पावनखिंड वाट आज दर पावसाळ्यात हजारो माणसं चालतात. पन्नासेक किलोमीटरची ती वाट एका टोकाला सुरू होते आणि दुसऱ्या टोकाला संपते. तिथे दारात उभी असलेली आपली गाडी काय कामाची? गो. नी. दांडेकर आणि त्यांच्या पिढीतले दुर्गवेडे ज्या काळात महाराष्ट्रातले किल्ले हिंडले, त्या काळात पायथ्याच्या गावापर्यंत सर्वसामान्य माणसाला पोहोचवणारी एसटीच होती. किल्ल्यांवर जायचं आपलं वेडच एसटीच्या आधाराने वाढलं.

थोडी मोठी सुट्टी असेल, म्हणजे जोडून आलेले तीन दिवस, तर एक फेरा मला फार प्रिय आहे. कोल्हापूरहून एसटीने गगनबावडामार्गे करूळ घाट उतरून वैभववाडी. तिथे वैभववाडी रोड स्टेशनवर कोकण रेल्वे धरायची आणि सावंतवाडी रोडपर्यंत जायचं. सावंतवाडीत मोती तलावाकाठी मुक्काम, लाकडी खेळण्यांची चितारआळी, आणि तिसऱ्या दिवशी एसटीने आंबोली घाट चढून आजरा, गडहिंग्लजवरून घरी. एका घाटाने उतरलो, दुसऱ्याने चढलो, मध्ये रुळावरून बोगदे आणि नद्या ओलांडल्या. पावसाळ्यात कोकण रेल्वेचं वेळापत्रक वेगळं असतं, गाड्यांचा वेग कमी केलेला असतो, तेवढं आधी पाहून घ्यावं. २०२४च्या जानेवारीपासून बराच काळ करूळ घाट रस्त्याच्या कामासाठी बंद होता. अशा वेळी मोबाइलवरच्या नकाशाआधी स्टँडवरच्या चौकशी खिडकीत खरी परिस्थिती कळते, कारण वाहतूक नियंत्रकाला त्याच दिवशी गाडी सोडायची असते.

ही चौकशी खिडकी हा सगळ्या आखणीचा पाया आहे. लांब पल्ल्याच्या, आरक्षणाच्या गाड्या इंटरनेटवर दिसतात. साळवण, राधानगरी, खिद्रापूरकडे जाणाऱ्या साध्या गाड्यांच्या फेऱ्या तिथे सहसा सापडत नाहीत. त्या स्टँडच्या भिंतीवर रंगवलेल्या असतात आणि खिडकीमागच्या माणसाच्या डोक्यात असतात. म्हणून निघायच्या आदल्या दिवशी स्टँडवर जाऊन तीन गोष्टी विचारायच्या: जायची गाडी कधी, परतीची शेवटची गाडी कधी, आणि रविवारी यातली कुठली बंद असते. तिसरा प्रश्न सगळ्यांत महत्त्वाचा, कारण शाळेसाठी म्हणून सोडलेल्या फेऱ्या रविवारी आणि सुट्टीच्या दिवशी धावत नाहीत. नेमका आपला सुट्टीचा दिवस हा त्या गाडीचाही सुट्टीचा दिवस असतो.

पूर्वेकडे रेल्वे आहे आणि तिकडची सहल पश्चिमेपेक्षा सोपी. कोल्हापूर ते मिरज हा सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीस किलोमीटरचा टप्पा. पॅसेंजर गाडीत बसलं की वळिवडे, रुकडी, हातकणंगले, जयसिंगपूर अशी स्टेशनं येतात. वळिवड्याला दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४३ ते १९४८, सुमारे ५,००० पोलिश निर्वासितांची छावणी होती. कोल्हापूरकरांच्या शेजारी युरोपातलं एक अख्खं गाव पाच वर्षं नांदलं, आणि आपण हायवेने सांगलीला जाताना ते नावही वाचत नाही. जयसिंगपूरला उतरून एसटीने शिरोळमार्गे नरसोबाची वाडी. संध्याकाळची पालखी, कृष्णा-पंचगंगेचा संगम, बासुंदी आणि कवठाची बर्फी. रात्री वाडीत राहून सकाळी पलीकडे कुरुंदवाडला जायचं, आणि तिथून खिद्रापूरच्या गाडीची वेळ साधायची. खिद्रापूरच्या कोपेश्वराचा स्वर्गमंडप म्हणजे ४८ खांबांवर तोललेला, माथ्यावर गोल उघडा ठेवलेला मंडप. ऊन जसं सरकतं तसा जमिनीवरचा उजेडाचा गोल सरकतो. मोटारीतून उतरून वीस मिनिटांत निघणाऱ्याला तो गोल जागचा हललेला दिसत नाही. परतीची गाडी दोन-तीन तासांनी असलेल्या माणसाला दिसतो. गाड्या कमी आहेत ही तक्रार मी पुढे करणारच आहे, पण थांबावं लागणं हे दर वेळी संकट नसतं हेही खरं.

आता आक्षेपांकडे येतो, कारण ते पोकळ नाहीत. पहिला पैशाचा. एसटीचं भाडं ६ किलोमीटरच्या टप्प्यावर आकारलं जातं, आणि २०२५च्या जानेवारीत ते १४.९५ टक्क्यांनी वाढलं. गगनबावड्याला साध्या गाडीने माणशी शंभर रुपयांच्या आसपास पडतात. मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट आहे, पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना ऑगस्ट २०२२ पासून प्रवास मोफत, बारा वर्षांपर्यंतच्या मुलांना अर्धं. म्हणजे नवरा-बायको, एक मूल आणि पंचाहत्तरी ओलांडलेली आजी असं कुटुंब जाऊन-येऊन चारशेत बसतं, आणि मोटारीचं पेट्रोलच सात-आठशेचं होतं. पण चार धडधाकट पुरुष मालवणला निघाले तर तिकिटं आणि पेट्रोल जवळपास सारखीच. हप्ते फेडून झालेल्या गाडीच्या मालकाला तर गाडी फुकटच वाटते. तेव्हा पैशाच्या हिशोबावर हा वाद मी लढणार नाही.

दुसरा आक्षेप म्हातारी माणसं आणि लहान मुलांचा. तो मला पूर्ण मान्य आहे. गुडघे दुखणाऱ्या माणसाला एसटीची पायरी उंच पडते, आणि उलटी होणाऱ्या लेकराला घाटात मागच्या सीटवर बसवणं हा छळ आहे. ज्यांना मोटारीशिवाय घराबाहेर पडताच येत नाही त्यांनी मोटारीनेच जावं. त्यांच्यासाठी रस्ता आणि पार्किंग मोकळं राहायला हवं असेल तर बाकीच्यांनी एसटीने जावं, इतकंच मी म्हणतो.

तिसरा आक्षेप बायका बोलून दाखवतात आणि पुरुष विसरतात: स्टँडवरची स्वच्छतागृहं. तालुक्याच्या कितीतरी स्टँडवर ती अशी असतात की बायका सकाळपासून पाणी प्यायचं टाळतात. अर्ध्या तिकिटाची सवलत दिली याचं मनापासून कौतुक आहे. त्या सवलतीने बायका एकट्याने, मैत्रिणींच्या गटाने फिरायला लागल्या हे डोळ्यांना दिसतं. पण ज्या प्रवासिनीला आपण बोलावलं तिला स्टँडवर दारं लागणारी, पाणी असलेली, दिवा चालणारी मोरी देता येत नसेल तर ते आमंत्रण अर्धवट आहे. पर्यटनाच्या जाहिरातींवर खर्च करण्याआधी इथे करावा.

पावसाळ्याचंही सांगायला हवं, कारण आमच्याकडे सहलीचा हंगामच तो. पंचगंगेची पातळी राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांना इशारा देते, ४३ ला धोका. त्याच्या बऱ्याच आधी गगनबावड्याच्या रस्त्यावर मांडुकलीजवळ पाणी येऊन वाहतूक थांबलेली असते. २०१९ आणि २०२१ सालच्या महापुरात काय झालं ते इथल्या प्रत्येकाला पाठ आहे. अशा दिवसांत जाऊ नये. मात्र अशाही दिवसांत पाण्यात गाडी घालून बघणारे असतात ते खासगी मोटारवालेच. एसटीची गाडी आगारातून सुटत नाही, तेव्हा तो निर्णय आपल्यासाठी कुणीतरी शहाणपणाने घेतलेला असतो.

आणि शेवटची गाडी चुकली तर? तर वडाप आहे. फाट्यावर उभं राहिलं की जीप येते, दहाची जागा पंधराला करून घेते. तिच्याविषयी मला प्रेम नाही, ती सुरक्षितही नाही. पण ती का आहे ते समजून घेतलं पाहिजे. एसटीची फेरी जिथे रद्द होते किंवा बेभरवशाची होते, तिथे वडाप उभी राहते. २०२१-२२च्या संपात एसटी कित्येक महिने बंद राहिली, त्या काळात खेड्यांतल्या पुष्कळ माणसांनी हप्त्यावर दुचाकी घेतली नाहीतर वडापची सवय लावून घेतली. ती सगळी परत आलेली नाहीत.

इथे माझ्या दुसऱ्या कारणापाशी येतो. एसटीत एक हिशोब चालतो, त्याला भारमान म्हणतात: गाडीत जागा किती, माणसं किती. ज्या फेरीचं भारमान सतत कमी भरतं तिच्यावर बंद पडायची तलवार असते. शाळेची मुलं पासवर असतात, मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेत पास मोफत आहे. ती गाडी भरलेली दिसते, पण तिकिटाचे पैसे तिच्यात थोडे असतात. त्याचा परतावा सरकारने महामंडळाला वेळेवर द्यायला हवा, हा वेगळा आणि जुना प्रश्न. पण मुलींना घेऊन शहराकडे येणारी तीच गाडी सकाळी किंवा दुपारी उलट्या दिशेने, शहरातून खेड्याकडे, निम्मी रिकामी जाते. तीच वेळ सहलीला निघणाऱ्याची असते. त्या रिकाम्या सीटवर पूर्ण तिकीट काढून बसलेले दहा प्रवासी दर शनिवारी मिळाले, तर ती फेरी टिकवणं आगाराला सोपं जातं, आणि ती फेरी टिकली तर साळवणजवळच्या वाडीवरची मुलगी बारावीनंतरही कॉलेजला येते. मुलीला गाडी नाही म्हणून शिक्षण थांबलं, हे आमच्या पश्चिम तालुक्यांत ऐकिवातलं नाही, शेजारचं आहे. आपली सहल आणि तिची शाळा एकाच गाडीवर अवलंबून आहे, आणि आपल्याजवळ पर्याय आहे म्हणून आपण उतरून गेलो तर तिचा पर्याय आपण कमी करतो. १ जून १९४८ रोजी पुणे ते अहमदनगर पहिली गाडी धावली तेव्हापासून एसटीने 'बहुजन हिताय बहुजन सुखाय' म्हणत जे जाळं विणलं, त्याला परवडणारा वर्ग सोडून गेला की ते जाळं गरिबांसाठीची सोय बनतं, आणि फक्त गरिबांसाठी असलेल्या सोयीची आपल्याकडे काय अवस्था होते ते जिल्हा परिषदेच्या शाळांनी दाखवलं आहे.

शहरानेही स्वतःकडे पाहावं. शनिवार-रविवारी अंबाबाईच्या दर्शनाला येणाऱ्या मोटारींनी बिंदू चौकापासून भवानी मंडपापर्यंत चालणं मुश्कील होतं, आणि त्यावर आम्ही सगळे चिडतो. चिडायलाच हवं. पण त्याच दुपारी आमच्याच मोटारी पन्हाळ्याच्या नाक्यावर रांग लावतात आणि तिथल्या माणसाला दारातून बाहेर पडता येत नाही. जुलै २०२५ मध्ये पन्हाळा इतर अकरा किल्ल्यांबरोबर युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत गेला. गर्दी वाढणार हे उघड आहे. तो जिवंत गाव असलेला किल्ला आहे, रस्ता अरुंद आहे, २०२१च्या पावसात तोच रस्ता खचून गडावरची वाहतूक बंद पडली होती. अशा डोंगरावर किती मोटारी चढवायच्या याला काही मर्यादा हवी की नको? माथेरानला दस्तुरी नाक्याच्या पुढे खासगी मोटार जात नाही, नेरळहून १९०७ पासून छोटी रेल्वे आहे, आणि म्हणून कुणी माथेरानला जायचं थांबलेलं नाही. पन्हाळ्यासाठी वाघबीळला मोटारी थांबवून तिथून दर पंधरा-वीस मिनिटांनी एसटी किंवा महापालिकेच्या केएमटीची गाडी सोडणं, गडावर राहणाऱ्यांना, वृद्धांना आणि अपंगांना मुभा ठेवून, हे अशक्य मुळीच नाही. जोतिबाच्या चैत्र यात्रेला लाखो माणसं डोंगरावर नेताना एसटी जादा गाड्या सोडतेच. जे यात्रेला जमतं ते शनिवार-रविवारी जमवायला फक्त ठरवावं लागेल.

आपल्याकडची पुष्कळ कुटुंबं हल्ली स्वित्झर्लंडला जाऊन येतात आणि परतल्यावर बर्फाइतकंच तिथल्या गाड्यांविषयी बोलतात: रेल्वेतून उतरलो तर स्टेशनबाहेर पिवळी टपाल बस उभीच, ती शेवटच्या खेड्यापर्यंत जाते. तिथलं हे यश श्रीमंतीचं कमी आणि वेळापत्रकं जुळवण्याचं जास्त आहे. जयसिंगपूरला पॅसेंजर आल्यावर वाडीची एसटी स्टेशनच्या दारात असावी, वैभववाडी रोडला रेल्वे थांबल्यावर घाट चढणारी एसटी पाच मिनिटं थांबावी, याला नवा रूळ लागत नाही की नवा रस्ता. दोन खात्यांनी एकमेकांचं वेळापत्रक टेबलावर ठेवायला हवं. नवा रूळ लागतो तो कोल्हापूर-वैभववाडी मार्गाला. २०१६-१७च्या रेल्वे अर्थसंकल्पात मंजूर झालेला हा मार्ग अजून कागदावरच आहे, आणि १८९१ साली कोल्हापूरला पोहोचलेली रेल्वे आजही इथेच संपते.

तो मार्ग होईल तेव्हा होईल. त्याची वाट पाहण्याआधी मागायच्या गोष्टी फार छोट्या आहेत. गगनबावडा, राधानगरी-दाजीपूर आणि खिद्रापूर या तीन दिशांना शनिवारी दुपारी शहरातून निघणारी आणि रविवारी संध्याकाळी परत येणारी एकेक खात्रीची फेरी. त्या फेऱ्यांची वेळ तिन्ही स्टँडवर आणि इंटरनेटवर सारखी लिहिलेली. शाळांच्या सुट्टीत बंद होणाऱ्या गाड्यांतली निदान एक चालू ठेवलेली. गावाला गाडी हवी असली की ग्रामपंचायत ठराव करते, पाच माणसं आगार व्यवस्थापकाकडे निवेदन घेऊन जातात, आणि पाठपुरावा केला तर बऱ्याचदा गाडी सुरू होते. शहरातल्या ट्रेकिंगच्या गटांनी, निसर्गमंडळांनी, गृहनिर्माण सोसायट्यांनी आणि महिला मंडळांनी असं निवेदन आजवर दिल्याचं माझ्या पाहण्यात नाही. पावसाळा संपून ऑक्टोबरची सुट्टी यायच्या आत ते दिलं, आणि गाडी सुरू झाल्यावर पहिले काही शनिवार आपणच ती भरली, तर आगाराला ती फेरी नाकारायला कारण उरणार नाही.